आत्याचं शिलाई मशीन अजून का निघालं नाही

दादा,

तीर्थरूप लिहावं इतका तू मोठा नाहीस, आणि प्रिय लिहिलं तर तुला वाटेल याला काहीतरी मागायचं आहे. म्हणून नुसतं दादा. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढू नका म्हणून सांगितलं आणि तू राहतोस वरच्या मजल्यावर, तेव्हा त्या दिवशी तू घरात होतास की घराबाहेर, यावर तुझं पुढचं आयुष्य ठरलं असणार. वहिनीची तब्येत बरी असेल. तिला नमस्कार. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. (हे वाक्य सुरुवातीला लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. पुढे वाचत जाशील तसं ते आपोआप रद्द होईल.)

तुझी चिठ्ठी मिळाली. आत्या तुमच्याकडे रुळली आहे, खिडकीजवळची खोली तिला मानवली आहे, आणि आता तिचं शिलाई मशीन पाठवून द्यावं, असं तू लिहिलं आहेस. चिठ्ठी लहान आहे. मी ती पुष्कळदा वाचली. पाहुणा जातो तेव्हा पिशवी नेतो. मशीन मागवतो तेव्हा तो पाहुणा राहिलेला नसतो, एवढं मलाही कळतं. मशीन अजून निघालेलं नाही. ते का निघालं नाही हे सांगायला हे पत्र, आणि ते सांगायचं तर आधी आत्या का निघाली ते सांगावं लागेल. तिची बाजू तू ऐकली असशीलच. ती एका वाक्याची असणार: ‘त्याने मला दूधवाल्याशेजारी बसवलं.’ वाक्य खरं आहे. पण त्याला मागचापुढचा संबंध आहे, आणि संबंध हाच या सगळ्या प्रकरणाचा विषय आहे.

आमच्या बस आगारात प्रशिक्षण विभाग आहे, म्हणजे मी आहे आणि ज्याची पाठ दुखते तो आहे. टायरच्या कोठीवर दोन खोल्या, एक फळा, आणि बसायला मोडीत निघालेल्या बसमधले बाक. (त्यांवर बसलं की माणसं सवयीने खिडकीबाहेर बघतात आणि आपला थांबा यायची वाट पाहतात.) वरून आदेश आला की प्रत्येक आगारातल्या एकाने ‘सामान्य व्यवस्था सिद्धांत: मूलभूत संकल्पना’ शिकून यावं आणि मग बाकीच्यांना शिकवावं. जायचं होतं पाठवाल्याने, पण आदेश वाचताक्षणी त्याची पाठ धरली, म्हणून मी गेलो. सिद्धांत वाईट नाही. पेशी, बेडूक, कारखाना, घर, जे काही टिकून आहे ते सगळं एक व्यवस्था आहे, आणि या सगळ्यांना तेच ते नियम लागू पडतात, असं त्याचं म्हणणं. व्यवस्था म्हणजे घटक अधिक त्यांच्यातले संबंध. तू घड्याळं दुरुस्त करतोस, तुला लगेच कळेल. घड्याळ उघडून सगळी चाकं बशीत काढून ठेवली तर चाकं तेवढीच असतात, वेळ मात्र नसते. तेवढीच चाकं नीट बसवली की वेळ येते. ती कुठल्या चाकात होती हे विचारायचं नसतं. याउलट नुसता ढीग असेल तर त्यातला एक काढल्याने ढीग थोडा लहान होतो, बाकी काही नाही. व्यवस्थेतून एक काढला तर काय होतं ते पुढे सांगतो, कारण ते आमच्याकडे झालं.

आमच्या साहेबांनी सांगितलं होतं की शिकवताना उदाहरण बसचं घेऊ नका, लोक तक्रारी सुरू करतात, घरातलं घ्या. मी ते शब्दशः घेतलं. (मी आदेश शब्दशः घेतो म्हणूनच प्रशिक्षणात आहे, वाहतुकीत नाही.) जेवणाच्या टेबलासमोर भिंतीला मोठा कागद चिकटवला आणि आपलं घर काढायला घेतलं. वर्तुळासाठी एक ताटली पालथी घातली आणि भोवती पेन्सिल फिरवली. ही झाली व्यवस्थेची सीमारेषा. आत लहान वर्तुळं: बाबा, ही, कन्या, मी. पाचवं काढायला गेलो तर जागा उरली नव्हती. आता इथे कोणीही रबराने खोडून ताटलीऐवजी मोठं झाकण घेतलं असतं. पण प्रशिक्षणात आम्हांला एक वाक्य शिकवलं होतं, की सीमारेषा निसर्गात नसते, ती पाहणाऱ्याने आपल्या सोयीप्रमाणे आखायची असते. आणि हे वाक्य माझ्या मनात अगदी ताजं होतं. म्हणून मी आत्याला सीमेबाहेर, ‘परिसर’ या मथळ्याखाली घेतलं. तिथे दूधवाला, वीज मंडळ, हवामान आणि वरचा भाडेकरू ही मंडळी आधीच होती.

आत्या संध्याकाळी टेबल पुसायला आली. चष्मा लावून तिने कागद नीट वाचला. तिला बाण समजले, वर्तुळं समजली. मग विचारलं, ‘यात मी कुठे आहे?’ मी दाखवलं. ‘दूधवाल्याशेजारी?’ मी म्हणालो, ‘आत्या, तो परिसर आहे. परिसराशिवाय कुठलीच व्यवस्था जगत नाही. तो फार महत्त्वाचा असतो.’ ती म्हणाली, ‘मग दूधवाल्याला सांग, त्याला बरं वाटेल.’ मी समजावून सांगितलं की रेषेला तसा काही अर्थ नसतो, ती केवळ सोयीची असते. ‘कोणाच्या सोयीची?’ आत्याने विचारलं. यावर प्रशिक्षणात काही सांगितलं नव्हतं. ‘बरं,’ आत्या म्हणाली. तिचं ‘बरं’ तुला ठाऊक आहे. या घरातून त्या एका ‘बरं’ने दोन भाडेकरू आणि एक मांजर गेलेलं आहे. सकाळी तिची पिशवी दाराशी होती.

(ताटली लहान होती हे तिला सांगू नकोस. ती म्हणेल, मोठी ताटली वरच्या फळीवर डाव्या हाताला आहे. आणि ती तिथेच असेल.)

सुरुवातीला बरं चाललं. खोटं कशाला सांगू. घर शांत झालं. कोणी कोणाच्या खोलीत डोकावेना, दिवे का चालू आहेत म्हणून कोणी विचारीना. मी माझ्या टिपणात लिहूनही ठेवलं की अनावश्यक घटक वगळल्यावर व्यवस्था नव्या समतोलाला पोचते. शाई वाळायच्या आत सुपाचं प्रकरण झालं.

तुझ्या लक्षात आलं असेल की नसेल, माझ्या तरी आलं नव्हतं: आपले बाबा आणि ही एकमेकांशी बोलत नाहीत. भांडण मुळीच नाही. दोघांचं एकमेकांबद्दल चांगलं मत आहे. फक्त सरळ रस्ता कधी वापरातच नव्हता. बाबा आपल्या खोलीतून भिंतीला उद्देशून बोलतात, ही स्वयंपाकघरात भांड्यांना उद्देशून बोलते, आणि मध्ये आत्या. तिची सबंध नोकरी टेलिफोन केंद्रात गेली. या भोकातली तार काढून त्या भोकात घालायची, ‘बोला’ म्हणायचं आणि आपला कान काढून घ्यायचा, असं ते काम. (ती कान काढून घ्यायची नाही. असो.) निवृत्त झाल्यावर तिने तेच काम घरी चालू ठेवलं आणि आम्ही समजत होतो की म्हातारी उगाच इकडून तिकडे फिरते. बाबा म्हणायचे, ‘हे सूप आहे की भांडं विसळलेलं पाणी?’ आत्या स्वयंपाकघरात जाऊन सांगायची, ‘आज त्याला भूक जास्त आहे, थोडं दाट चालेल.’ हिने आतून म्हणावं, ‘या वयात जिभेचे एवढे चोचले!’ आणि आत्याने बाहेर येऊन सांगावं, ‘उद्या करते म्हणाली.’ पुस्तकात याला प्रत्याभरण म्हणतात: केलेल्या कामाची खबर करणाऱ्याकडे परत येते आणि तो पुढच्या वेळी तेवढी दुरुस्ती करतो. खबर परत आली नाही तर व्यवस्था भरकटते. खबर फार जोरात आली तर काय होतं, हे आम्ही घरी करून पाहिलं.

आत्या गेल्यावर बाबांचं ते विसळलेल्या पाण्याचं वाक्य जसंच्या तसं स्वयंपाकघरात पोचलं. मध्ये कोणी नव्हतंच. दुसऱ्या दिवशीच्या सुपात चमचा उभा राहत होता. बाबांनी भिंतीला विचारलं, आज कागद चिकटवायचे आहेत का. पुढच्या दिवशी वाडग्याचा तळ दिसत होता, त्यावरचं निळं फूल मी पहिल्यांदाच पाहिलं. मग पुन्हा खळ. मग पुन्हा फूल. दुरुस्ती गरजेपेक्षा मोठी आणि एक दिवस उशिरा झाली की व्यवस्था दोन टोकांमध्ये झोके घेत राहते, हे आमच्या टिपणात आकृतीसह आहे. मी ते हिला जेवताना समजावून सांगायला गेलो. तेव्हापासून माझं सूप वेगळं येतं. ते कोणत्या टोकाचं असतं ते विचारू नकोस.

सकाळचं सांगायचं तर, वेगवेगळ्या ठिकाणांहून, वेगवेगळ्या वाटांनी निघूनही शेवटी एकाच अवस्थेला पोचणं हा खुल्या व्यवस्थेचा एक विशेष गुण मानला जातो. आम्ही चौघं वेगवेगळ्या वेळी उठतो, वेगवेगळ्या खोल्यांतून निघतो आणि एकाच क्षणी न्हाणीघराच्या दाराशी पोचतो. पूर्वी आत्या दारं वाजवत फिरायची. तिचा आम्हांला राग यायचा. ती एकेकाला कच्च्या झोपेत उठवते आणि दुसऱ्याला उगाच चहाला अडकवून ठेवते, असं वाटायचं. ते उगाच नव्हतं. ती गाड्या सोडत होती. आगारात याच कामासाठी आमच्याकडे एक अख्खी खोली आणि शिट्टीवाला माणूस आहे, आणि तरी दोन बस फाटकात अडकतातच.

मग पाणी गेलं. खुली व्यवस्था बाहेरून काहीतरी आत घेते, बाहेर काहीतरी सोडते, म्हणून टिकते. बंद व्यवस्थेत गोंधळ तेवढा वाढत जातो. आपलं घर खुलं आहे असं मी समजत होतो, कारण खिडक्या पुष्कळ आहेत. पण खिडकीत उभं राहून खालच्या बाईशी बोलणारी एकच होती. नळ दुरुस्तीला निघणार आणि दिवसभर पाणी येणार नाही, ही बातमी सगळ्या इमारतीला होती, वरच्या भाडेकरूला होती (तो आमच्याशी बोलत नाही, आत्याशी बोलायचा), आम्हांला नव्हती. मी साबण लावलेल्या अवस्थेत ही बातमी मिळवली. बाबा दाराबाहेरून म्हणाले, ‘घरात शिकलेली माणसं असली की असं होतं.’ हे वाक्यही मध्ये कोणी न अडवता थेट पोचलं.

आता कन्येचं. तिने केस कापले. इतके की मागून मी तिला कोणाचातरी मुलगा समजलो आणि विचारलं, ‘कोण पाहिजे?’ दादा, आत्या असती तर ही गोष्ट मला हप्त्याहप्त्याने कळली असती. आधी ‘हल्ली मुलींना उकडतं’ असं काहीतरी. मग एक-दोन दिवसांनी ‘बसच्या वाहकबाईंनी केस कापलेत, छान दिसतात’. मग ‘पोरगी विचारत होती’. मग मी नाही म्हणालो असतो, मग ते आत्याने पोरीला ‘बघू म्हणाले’ असं सांगितलं असतं, आणि केस कापले गेले तेव्हा ते मीच सुचवलं असं मला वाटलं असतं. त्याऐवजी मी ‘कोण पाहिजे’ म्हणालो. कन्या म्हणाली, ‘कोणी नको,’ आणि खोलीचं दार लावून घेतलं. तिच्याकडून सध्या जे काही येतं ते भिंतीवरच्या कागदावर येतं. माझ्या वर्तुळातून बाहेर जाणारे सगळे बाण तिने पेन्सिलने खोडले आहेत. आत येणारे ठेवले आहेत. प्रत्येकावर ‘तक्रार’ लिहिलं आहे.

तू म्हणशील, मग तू का नाही झालास मधला माणूस. झालो. घटक गेला तर दुसरा घटक बसवावा, इतकं तर कोणालाही सुचेल. मी इमानेइतबारे निरोप नेऊ लागलो. बाबा म्हणाले, ‘तिला सांग, बटाटे कच्चे आहेत.’ मी जाऊन सांगितलं, ‘बाबा म्हणतात बटाटे कच्चे आहेत.’ ही म्हणाली, ‘आणि तुमचं काय म्हणणं?’ हा प्रश्न आत्याला कोणी कधी विचारत नसे. मी म्हणालो, मी फक्त वाहक आहे. ‘मग वाहून न्या,’ ती म्हणाली आणि बटाट्यांचं भांडं माझ्या हातात दिलं. ते मी बाबांकडे नेलं. बाबा म्हणाले, ‘मला कशाला आणून दाखवतोस? मी काय न्यायाधीश आहे?’ मी भांडं घेऊन मधल्या दारात उभा राहिलो. बटाटे खरंच कच्चे होते. मग मी रविवारी घरगुती बैठक बोलावली, चौघांनी समोरासमोर बसून बोलावं म्हणून. बाबांना झोप लागली, हिने विचारलं की चहा बैठकीत धरायचा की बैठकीनंतर, आणि कन्येने हात वर करून जाण्याची परवानगी मागितली. बैठकीत एवढंच ठरलं की पुन्हा बैठक नको. त्या एका बाबतीत मात्र सगळ्यांचं एकमत झालं.

शेवटी मी नवा कागद घेतला आणि मोठ्या झाकणाने वर्तुळ काढलं. (मोठी ताटली सापडली नाही.) जागा भरपूर होती. पण आत्याचं वर्तुळ कुठेही काढलं तरी चुकीचं दिसायचं. बाबा आणि ही यांच्यामध्ये काढलं तर कन्या लांब पडायची. कन्येजवळ काढलं तर खालची बाई आणि वरचा भाडेकरू तुटायचे. मग वर्तुळ सोडून दिलं आणि ती कुठून कुठे जायची तेवढेच बाण काढत बसलो. कागद काळा झाला. दमून तसाच सोडला.

पुढे व्याख्यानाचा दिवस आला. चालक, वाहक, कार्यशाळेतले मिस्त्री, सगळे बाकांवर बसून खिडकीबाहेर बघत होते. मी घटक सांगितले, सीमा सांगितली, परिसर सांगितला; कोणी मान वळवली नाही. उदाहरण म्हणून घर घेतलं आणि आत्या बाहेर गेली म्हणालो, तशा सगळ्या माना एकदम फळ्याकडे. त्यानंतर मला सिद्धांताचं एकही वाक्य पुरं करता आलं नाही. ‘मग आल्या का परत?’ नाही म्हटलं. ‘मशीन मागितलं का?’ मी विचारलं, मशीनचं तुम्हांला काय माहीत? तर एक वाहकबाई म्हणाल्या, ‘मशीन असतंच साहेब. नाहीतर ट्रंक असते.’ इंजिन विभागाचे मिस्त्री म्हणाले, मशीन देऊ नका, मशीन गेलं की माणूस गेलं. मागून एक चालक म्हणाला, काही अर्थ नाही, माझ्या सासूचं कपाट गेली कितीतरी वर्षं माझ्याच खोलीत आहे, सासू काही आली नाही, मला मात्र दार पुरतं उघडता येत नाही. ‘तू सासूला बोलावलंस का?’ ‘कपाट न्यायला बोलावलं.’ यावर जो गलका झाला तो खालच्या टायरच्या कोठीत ऐकू गेला. निम्मे म्हणत होते स्वतः जा आणि पाया पडा, निम्मे म्हणत होते अजिबात जाऊ नका, डोक्यावर चढून बसतील. पाठवाला दारात उभा होता (पाठ सरळ होती), तो म्हणाला, आजारी पडा. साहेबांनी अहवालात लिहिलं: ‘श्रोत्यांचा सहभाग उत्तम. विषय समजला असे दिसत नाही.’ हे माझ्याबद्दल आहे की श्रोत्यांबद्दल, ते मी विचारलं नाही.

आणि आता मशीन. दादा, मी ते पाठवणारच होतो. तू मोठा आहेस, तू सांगितलंस, आणि मी सांगितलेलं ऐकतो हे वर आलंच आहे. टेंपोवाल्याला बोलावलं. घरात सगळ्यांना आदल्या दिवशी सांगितलं. कोणी नाही म्हणालं नाही. हिने ‘पाठवा’ म्हटलं, बाबा ‘हं’ म्हणाले, कन्येने कागदावर बरोबरची खूण केली. टेंपोवाला आला तेव्हा बाबा मशीनच्या स्टुलावर बसून पेपर वाचत होते. बाबा त्या स्टुलावर आजवर कधी बसलेले मी पाहिले नाहीत. त्याला पाठ नाही आणि बाबांना टेकल्याशिवाय बातम्या समजत नाहीत. त्यांना म्हटलं जरा उठा, तर म्हणाले, हे पान होऊ दे. मशीनवर हिने ओल्या चादरी वाळत टाकल्या होत्या. मी म्हटलं, आजच? ती म्हणाली, ऊन आजच आहे. त्या खोलीत ऊन येत नाही. चादरी काढल्या, तर मशीनचा पट्टा नव्हता आणि खालचं पायडल दोरीने बांधून ठेवलेलं होतं, शाळेत शिकवतात तशा गाठीने. कन्या वर्गाला गेली होती. टेंपोवाल्याने बाबांकडे पाहिलं, चादरींकडे पाहिलं, गाठीकडे पाहिलं, आणि म्हणाला, ‘आधी घरात ठरवा, मग माणसाला बोलवा.’ पण ठरलेलं काहीच नव्हतं, दादा. मी तिघांना वेगवेगळं विचारलं. बाबांना चादरींचं माहीत नव्हतं, हिला गाठीचं माहीत नव्हतं. ज्यांना एका सुपावर एकमत करता येत नाही त्यांनी एकमेकांशी एक अक्षर न बोलता एका जड मशीनला जागचं हलू दिलं नाही. बाहेरून धक्का आला की व्यवस्था आपली मूळ स्थिती टिकवू पाहते, हे मी फळ्यावर लिहिलं होतं. ते असं दिसतं हे माहीत नव्हतं.

तेव्हा मशीन इथेच आहे. टेंपोवाला पुन्हा येणार नाही म्हणाला. मी फार थकलो आहे. व्यवस्थेविषयी जे माझ्याजवळ होतं ते वर लिहिलं. गुडघ्याला गरम पाण्याचा शेक देत जा, वहिनीला सांभाळ, आणि थंडी पडली असेल तर कानाला काहीतरी बांध.

तुझा भाऊ

ता. क. — खरं लिहायचं होतं ते राहिलंच. मशीनची तुझी चिठ्ठी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनीचा फोन आला: आत्याचं मशीन पाठवा. मी म्हटलं, दादाने लिहिलंय की. ती म्हणाली, ‘हो का? मला काही कल्पना नाही.’ एका घरातून एकच मागणी दोनदा निघते आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नसतो, तेव्हा त्या घरात निरोप कोण नेतंय हे कळायला मला प्रशिक्षणाची गरज नव्हती. आत्या माझ्यावर रागावून तिथे राहिलेली नाही. माझ्यावरचा राग तिला चार दिवसांच्या वर कधी पुरला नाही. तिथे तिला काम मिळालं आहे. तू आणि वहिनी कधीपासून बोलत नाही आहात, कशावरून, चूक कोणाची, यातलं काही मला सांगू नकोस. पण दादा, हात जोडतो, भांडण मिटव. कायमचं मिटलं तर उत्तमच. तेवढं जमत नसेल तर आत्या गाडीत बसेपर्यंत तरी वहिनीशी सरळ बोल. चहा हवा असेल तर तिच्याकडेच माग. कच्चं असेल तर कच्चं म्हण, आणि जे कानावर येईल ते ऐकून घे. तुमच्या घरात आठवडाभर कोणी कोणाला हाक मारून बोललं की आत्या आपण होऊन पिशवी भरेल.

ता. क. २ — आत्या, हे पत्र दादाच्या आधी तू उघडशील हे धरूनच लिहिलं आहे. त्याला सांगताना तुला योग्य वाटेल ते गाळ. वहिनीला सांगताना आणखी गाळ. तुला सांगायचं ते वेगळं आहे. बाबा संध्याकाळी रेडिओ मोठा लावायचे, तू आतून ओरडायचीस, ते बारीक करायचे, आणि तुझी पाठ वळली की पुन्हा मोठा, रोज. तू गेलीस त्या संध्याकाळी त्यांनी तो पूर्ण मोठा केला. कोणी ओरडलं नाही. मी ओरडणार होतो, पण म्हटलं राहू दे, आज त्यांना ऐकू दे. ते थोडा वेळ दाराकडे बघत राहिले आणि त्यांनी तो बंद केला. अजून बंदच आहे. बिघडलेला नाही, मी लावून पाहिला.